वाळूचं विरजण

घर बदललं की लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. नोकरीचं काय, मुलीची शाळा कुठली, उन्हाळा सोसेल का. आम्ही पुण्याहून सोलापूरला आलो तेव्हा या यादीत एक जादा प्रश्न होता, "मासे कसे आणलेस रे?" अडीचशे किलोमीटर, आणि तेही समुद्रातले मासे! खरं सांगायचं तर मासे आणणं हा या सगळ्या प्रकरणातला सोपा भाग होता. दोन मासे, दोन पिशव्या, थर्माकोलचा एक खोका. झालं. वाळू कशी आणली हे मात्र आजतागायत कुणीही विचारलेलं नाही. म्हणून या वीकएंडला मीच सांगतो :-)

थोडी पार्श्वभूमी. बाबा गेल्यावर आई सोलापूरच्या घरी एकटी होती. पुण्याला ये म्हटलं की "बघू दिवाळीनंतर" हे तिचं उत्तर. कुठल्या दिवाळीनंतर ते मात्र ती कधीच सांगायची नाही. शेवटी माझ्या ऑफिसने घरून काम करायला कायमची परवानगी दिली आणि आईला पुण्याला नेण्याऐवजी आपणच जावं असं ठरलं. जानेवारीत निघायचं नक्की झालं. सामानाची यादी करायला बसलो आणि पहिल्याच ओळीवर अडकलो : फिशटँक.

माझ्याकडे २०१४ पासून खाऱ्या पाण्याची एक टाकी आहे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. आत क्लाऊनफिशची एक जोडी (निमो म्हटलं की सगळ्यांना कळतं), दोन-चार गोगलगायी, सिमेंट आणि शिंपल्यांचे बनवलेले सच्छिद्र दगड, आणि तळाशी अडीच इंच वाळू. प्रवाळ नाहीत. समुद्रात खडक रचणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कागदावर त्यांना वाघाच्या पंगतीत बसवलं आहे. मालवणहून येताना 'एक छोटासा तुकडा' पिशवीत टाकणाऱ्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं. माझी जोडी टाकीतच जन्मलेल्या पिलांपैकी आहे. क्लाऊनफिशची पिल्लं टाकीत वाढवण्याचं तंत्र आपल्याकडे विळिंजम आणि मंडपमच्या सरकारी संशोधन केंद्रांत चांगलं बसलेलं आहे.

तर मित्रांचा सल्ला सोपा होता. टाकी विकून टाक, तिकडे जाऊन नवी लाव. पण ही जोडी माझ्या मुलीपेक्षा वयाने मोठी आहे. नीट सांभाळलं तर क्लाऊनफिश दहा-पंधरा वर्षं सहज जगतात. घरातल्या दोन ज्येष्ठ सदस्यांना विकून कसं टाकणार? आणि 'नवी लाव' हे म्हणायला सोपं आहे. खाऱ्या पाण्याची टाकी विकत मिळते, तयार मिळत नाही. ती तयार व्हावी लागते. का, ते समजायला वाळूकडे बघावं लागेल.

माशाच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो. उरलेलं खाणं, विष्ठा कुजली की त्यातूनही अमोनिया. समुद्रात तो विरून जातो, दीडशे लिटरच्या टाकीत विरायला जागाच नाही. त्यात समुद्राच्या पाण्याचा पीएच आठच्या वर असतो, आणि पीएच जितका जास्त तितका अमोनियाचा विषारी हिस्सा जास्त. गोड्या पाण्यात जेवढ्या अमोनियाने मासा नुसता मलूल होईल, तेवढ्याने इथे मरू शकतो. त्याला वाचवणारे जीव डोळ्यांना दिसत नाहीत. काही सूक्ष्मजीव अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि वाळूत खोलवर, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले जीव नायट्रेटमधला नायट्रोजन मोकळा करून हवेत सोडून देतात. तीन टप्प्यांची पाइपलाइन आहे ही, आणि ती चालते वाळूच्या कणांवर आणि दगडांच्या भोकांत. पाण्यात नव्हे. पाण्यात हे जीव नावापुरतेच असतात. म्हणून 'जुनं पाणी सगळं नेलं, आता काळजी नाही' असं म्हणणारा माणूस डेटाबेस सोडून नुसती केबल घेऊन निघालेला असतो.

या जीवांचा स्वभाव मोठा मजेशीर आहे. १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने झुरिकमध्ये ते पहिल्यांदा वेगळे केले. त्याच्या आधी लोक नेहमीच्या पद्धतीने, जिलेटिनच्या पौष्टिक खाद्यावर त्यांना वाढवायला बघत होते आणि ते काही वाढत नव्हते. कारण त्यांना ते खाणं नकोच होतं! अमोनिया जाळून त्यातून ऊर्जा काढायची आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून शरीर उभं करायचं, असा त्यांचा गरिबीचा संसार. त्यामुळे वाढ अतिशय मंद. आतड्यातला ई. कोलाय सगळं अनुकूल असलं तर वीस मिनिटांत दुप्पट होतो, यांना दुप्पट व्हायला बरेच तास, कधी एखादा दिवसही लागतो. म्हणून नवी टाकी तयार व्हायला तीन ते सहा आठवडे जातात. तेवढे दिवस माझ्या ज्येष्ठ सदस्यांनी राहायचं कुठे?

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमोनिया खाणारे जीवाणू शंभर वर्षं माहीत होते, पण समुद्रात हे काम करणारा एक वेगळ्याच कुळातला जीव, जीवाणू नव्हे तर आर्किया, २००५ साली सापडला. कुठे? कुठल्या खोल महासागरात नाही, तर अमेरिकेत सिॲटलच्या मत्स्यालयात, एका समुद्री टाकीच्या तळातल्या खडीत. लोक काचेला नाक लावून मासे बघत होते आणि शोध खाली पडलेला होता. शाळेच्या सहलीत मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय (१९५१ सालचं) बघताना आम्हीही तेच केलं होतं. तळाकडे कोण बघतं!

असो. मुद्द्यावर येतो. माझी वाळू म्हणजे अॅरागोनाइट, कॅल्शियम कार्बोनेटचे पांढरे कण. विकत आणली तेव्हा कोरडी आणि निर्जीव होती. दादरच्या एका जुन्या हौशी गृहस्थांनी आपल्या टाकीतली दोन वाट्या वाळू मला डब्यात घालून दिली होती. तिच्यामुळे बाकीची हळूहळू जिवंत झाली. (किनाऱ्यावरून वाळू का नाही आणली? एक तर किनारपट्टीच्या नियमांत ते बसत नाही, आणि दुसरं म्हणजे तिच्यात काय काय असेल याचा भरवसा नाही. रत्नागिरीकडची काळी वाळू तर लोह-टायटॅनियमच्या खनिजाने काळी असते.) अकरा वर्षांत तिच्यात सूक्ष्मजीवच नव्हे, केसासारखे किडे, टाचणीच्या डोक्याएवढे कवचधारी प्राणी, असं सगळं गाव वसलं होतं.

आता हे गाव उचलायचं कसं? पहिला विचार कुणाच्याही मनात येईल तो म्हणजे पाणी काढा, वाळू गोणीत भरा, तिकडे ओता. नेमकं हेच करायचं नसतं. माझ्या एका मित्राने टाकी बाणेरहून खराडीला नेताना दुसरं टोक गाठलं. सगळी वाळू नळाखाली स्वच्छ धुतली, पांढरीशुभ्र केली. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं ते जंतू मारण्यासाठीच, आणि त्याने आपलं काम चोख केलं. आठवड्यात त्याचे मासे गेले. वाळू मात्र अजून फार सुंदर दिसते म्हणे.

गोणीत भरण्याचा धोका वेगळा. वाळूच्या वरच्या थरातल्या जीवांना प्राणवायू लागतो. ढीग करून, तोंड बांधून ठेवली की काही तासांत आतला प्राणवायू संपतो, किडे मरतात, कुजतात, आणि ज्या अमोनियापासून वाचायचं तोच वाळू स्वतः तयार करायला लागते. खालच्या थराचं प्रकरण याहून गंभीर. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं. प्राणवायू नसलेल्या जागी काही जीवाणू त्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्याचा वास येतो तोच वायू. काचेला लागून वाळूत काळे डाग दिसतात ते याचे. जागच्या जागी असेपर्यंत हा थर निरुपद्रवी, उलट उपयोगीच. पण ढवळला की विष. गंमत बघा, ज्या थराने इतकी वर्षं टाकी सांभाळली तोच थर जसाच्या तसा उचलून नेला तर टाकी मारू शकतो.

म्हणजे निर्णय असा झाला : वरचा पाऊण-एक इंच जिवंत न्यायचा, खालचं सगळं मागे सोडायचं. हिशेब केला. एकूण वाळू साधारण चोवीस लिटर. त्यातली वरची आठ लिटर, म्हणजे बारा-तेरा किलो, न्यायची. बाकी सोळा लिटर मिठाच्या पाण्यात खळखळून धुऊन, गच्चीत उन्हात वाळवून, कोरडी कणी म्हणून नेली, कारण ही वाळू स्वस्त मिळत नाही आणि मी शेवटी सोलापूरचा आहे. सोळा लिटर आयुष्य पुसून टाकताना वाईट वाटलं हे कबूल. पण सगळंच वाचवायला गेलो असतो तर काहीच वाचलं नसतं.

तयारी महिनाभर आधी सुरू केली. टाकीच्या मागच्या कोपऱ्यात स्पंजचा एक छोटा फिल्टर लावून ठेवला, म्हणजे त्याच्यावर जीवाणूंची वस्ती होईल. आपल्या भाषेत स्टँडबाय सर्व्हर. आदल्या दिवशी माशांना उपास (पोटात काही नसलं की प्रवासात पाणी कमी घाण होतं). निघायच्या संध्याकाळी आधी अर्धं पाणी स्वच्छ कॅनमध्ये काढलं, मग दगड, मग मासे. पाणी कमी झाल्याशिवाय मासे पकडायला जाऊ नये, आणि मासे बाहेर निघाल्याशिवाय वाळूला हात लावू नये, ही दोन सूत्रं. मग एका पसरट ताटलीने, दह्यावरची साय काढावी तसा, वरचा थर अलगद उचलला.

तो ठेवला तीन उथळ प्लास्टिकच्या ट्रेमध्ये. थर दोन बोटांपेक्षा जाड नाही, वर बोटभर जुनं टाकीचंच पाणी, आणि बॅटरीवर चालणाऱ्या पंपाची एकेक नळी. झाकण नुसतं टेकवलेलं. ट्रे थर्माकोलच्या खोक्यात. मासे वेगळ्या खोक्यात, वाळूच्या पाण्याशी त्यांचा संबंध नको. ओले दगड ओल्या टॉवेलात गुंडाळलेले. (टॉवेल अर्थातच सोलापुरी. जाहिरात नाही, घरात दुसरा होताच कुठे!)

रात्री दहाला निघालो. टेम्पोवाल्याला सांगितलं, खड्डे चुकवा. तो म्हणाला, "काच आहे का साहेब?" मी म्हटलं, "वाळू." त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचं वर्णन करत नाही. जानेवारीची रात्र मुद्दाम निवडली होती. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. मे महिन्यात याच रस्त्याने दुपारी हा ट्रे आणला असता तर सोलापूरला पोचेपर्यंत मिठातलं लोणचं झालं असतं. भिगवणला चहाला थांबलो तेव्हा प्रत्येक ट्रेमध्ये बुडबुडे येताहेत ना ते बघितलं. जवळच अंधारात उजनीचा फुगवटा पसरलेला होता. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी येतात आणि उथळ पाण्यातल्या चिखलातून आपलं जेवण गाळून घेतात. चिखल जिवंत असतो हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

पहाटे घरी पोचलो. आई दारातच. ट्रे बघून पहिला प्रश्न, "काय आणलास रे हे?" वाळू म्हटल्यावर, "सोलापुरात वाळू नव्हती?"

खरी अडचण पुढे होती. बाथरूममध्ये मी आरओच्या पाण्यात मीठ मोजून घालत होतो, लिटरला पस्तीस ग्रॅम. आई दारात उभी राहून बघत होती. मग म्हणाली, "नळाला पाणी आलं की भांडी भरून ठेवण्यात माझा जन्म गेला. आणि तू चांगल्या पाण्यात मीठ कालवतोस?"

यावर पटकन देता येईल असं उत्तर नव्हतं, आणि तिचा प्रश्न चुकीचाही नव्हता. पाणी जपणं हे सोलापूरकराच्या अंगात मुरलेलं असतं. मी वही घेऊन तिच्यासमोर बसलो. पंधरा दिवसांतून एकदा पंधरा लिटर पाणी बदलायचं. बाष्पीभवनाने दिवसाला लिटरभर, उन्हाळ्यात दोन-तीन लिटर उडणार. मीठ उडत नाही, नुसतं पाणी उडतं, म्हणून तेवढी भर गोड्या पाण्याची. इथली हवा कोरडी असल्यामुळे टाकीवर साधा पंखा सोडला तरी पाणी तीन-चार अंशांनी थंड राहतं, मुंबईच्या दमट हवेत ते इतकं साधत नाही. कूलर इथे चालतो आणि तिथे चालत नाही त्याचंच हे कारण. पण त्या थंडाव्याची किंमत पाण्यातच मोजावी लागते. आरओमधून वाया जाणारं पाणी फरशी पुसायला आणि संडासला. खारं पाणी मात्र कढीपत्त्याला चुकूनही नाही. काळ्या जमिनीत मीठ साचलं की तिचं काय होतं हे आपल्या जिल्ह्यातल्या कालव्याकाठच्या शेतकऱ्यांना विचारावं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते लिही कुठंतरी, महिन्याला किती लागलं ते." हिशेब आता तिच्याकडेच आहे, कॅलेंडरवर, दुधाच्या रकान्याशेजारी.

वाळूचं पुढे असं झालं. टाकीत खाली धुतलेली कोरडी वाळू पसरली, तिच्यावर ट्रेमधला जिवंत थर हलक्या हाताने. मग दगड. मग वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर पाणी ओतलं, म्हणजे थर उखडत नाही. तरीही पाणी ताकासारखं झालं. ते निवळेपर्यंत मासे एका टबमध्ये, स्टँडबाय स्पंजच्या भरवशावर. आई दर अर्ध्या तासाने टाकीजवळ येऊन जायची. एकदा म्हणाली, "विरजण लावलंय म्हण की." तिच्या घरातलं विरजण ती लग्नानंतर माहेरून आणलेलं आहे, बार्शीहून, पितळी डब्यात. दही कधी विकत आणलेलं मला तरी आठवत नाही.

उपमा बरोबर होती, पण दोन ठिकाणी फरक आहे आणि तोच कामाचा आहे. दह्याचे जीवाणू हवेशिवाय खुशाल जगतात, झाकून ठेवा, काही बिघडत नाही. वाळूचे जीव कोंडले की संपले. आणि दही रात्रीत लागतं. वाळूला आठवडे द्यावे लागतात.

दुसऱ्या दिवशी अमोनिया तपासला. नळीतलं पाणी पिवळं राहिलं तर शून्य, हिरवट झालं तर आहे. किंचित हिरवट होतं, पाव पीपीएमच्या आसपास. मासे टबमध्येच ठेवले. तिसऱ्या दिवशीही तेच. ऑफिसच्या कॉलवर बसून मी मनात नळ्यांचे रंग मोजत होतो. पाचव्या दिवशी पिवळं. सहाव्या दिवशी पिवळं. मग जोडीला टाकीत सोडलं. जोडीतली मोठी असते ती मादी. ती सरळ तळाशी गेली, दगडाखालची वाळू शेपटीने झटकून खड्डा केला आणि त्यात बसली. मुलगी म्हणाली, "तिने जागा ओळखली." जागा अर्थात नवीनच होती. पण वरची वाळू तिचीच होती, त्यामुळे मी वाद घातला नाही.

पुढचे दोन महिने खाणं निम्मं ठेवलं, कारण जीवाणूंची वस्ती एक तृतीयांशावर आली होती आणि तिच्यावर पूर्ण लोड टाकणं बरोबर नव्हतं. धुतलेल्या वाळूत किडे उतरायला दीड महिना गेला. काचेतून त्यांचे बारीक बोगदे दिसायला लागले तेव्हा मी पहिल्यांदा निवांत झोपलो.

सोलापूरच्या पूर्व भागात फिरलात तर घराघरांत तेलुगू ऐकू येतं. तेलंगणातून आलेल्या विणकरांची ही घरं, पिढ्यान्पिढ्या इथे असलेली. येताना गाव उचलून आणता येत नाही. हातातली कला आणि घरातली भाषा आणली, बाकीचं इथल्या गिरण्यांत आणि मागांवर पुन्हा उभं केलं. आमची बदली त्यामानाने किरकोळ, पण पुण्यातली अकरा वर्षं टेम्पोत भरताना हा विचार डोक्यात होताच. मुलीच्या दोन मैत्रिणींशी रविवारचा व्हिडिओ कॉल, माझा पहाटेचा पळण्याचा नेम, घरात तिघांनी मिळून जेवणं (आता चौघं). एवढं जिवंत ठेवायचं ठरवलं. बाकीचं तिकडेच राहिलं आणि त्याची जागा इथे हळूहळू भरतेय. रोज टेस्ट किट लावून बघण्यात अर्थ नाही.

गेल्या रविवारी इथल्या इंजिनीअरिंग कॉलेजचा एक मुलगा आला. कुणाकडून तरी ऐकलं होतं त्याने. "दादा, थोडी वाळू भेटंल का?" हातात स्टीलचा डबा, फिरकीच्या झाकणाचा. दोन वाट्या वाळू दिली, वर टाकीचं पाणी घातलं. त्याने सवयीने झाकण घट्ट फिरवायला घेतलं, तर मी काही बोलायच्या आत आईच आतून म्हणाली, "सैल ठेव रे ते. आणि थेट घरी जा, वाटेत चहाला थांबू नको."